मधाची बरणी, तेजपान आणि निदान



मागच्या महिन्यात आपल्या मंडळाच्या ग्रुपवर एक निमंत्रण फिरलं. पौर्णिमेच्या रात्री फक्त बायकांसाठी कार्यशाळा, 'तुमच्यातली चेटकीण जागी करा', शुल्क १,५०० रुपये, सोबत एक खडा आणि एक मेणबत्ती मोफत. (१,५०० घेतल्यावर मोफत काय उरतं, हे बी.कॉम. झालेल्या बाईला तरी सांगू नये.) खाली कोणी हात जोडले, कोणी लाल हृदय टाकलं, दोघी-तिघींनी 'जागा आहे का' विचारलं. कार्यशाळा कोणी घेतली, कुठे झाली, हे मी लिहिणार नाही. ती आपल्यातल्याच कोणाची तरी लेक-सून आहे आणि तिच्याशी माझं भांडण नाही. भांडण तिने विकायला आणलेल्या मालाशी आहे.

तुम्ही म्हणाल, काकू आता 'धर्म बुडाला' म्हणून टाहो फोडणार. धर्म इतक्यात बुडत नाही, त्याने याहून मोठे पूर पाहिले आहेत. माझा आक्षेप वेगळा आहे. या मालावर 'स्त्रीशक्ती' अशी चिठ्ठी चिकटवली आहे आणि आत निघतं उलटंच. जे आपल्या भावाकडे, नवऱ्याकडे, बँकेत, तलाठ्याकडे उभं राहून मागायचं, ते ही विद्या चंद्राकडे मागायला शिकवते. चंद्र नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही, आणि फीची पावतीही देत नाही.

आधी हे आपल्या घरात कुठवर आलंय ते बघू. दुरून हसणं सोपं असतं.

'मून वॉटर' घ्या. काचेच्या बरणीत पाणी भरून पौर्णिमेला गच्चीवर ठेवायचं, सकाळी प्यायचं, उरलेलं दारात शिंपडायचं. अगं बायांनो, गाळलेलं पाणी ४८ मिनिटांनी पुन्हा गाळणाऱ्या आपण! आपल्या आज्या गाळणं उलटं करून जिवाणी परत विहिरीत सोडायच्या, एक थेंब जमिनीवर पडू देत नव्हत्या. त्यांच्या नातसुना न उकळलेलं पाणी आठ-दहा तास उघड्यावर ठेवून त्याला 'चार्ज केलेलं' म्हणतात. चार्ज झालं असेल तर जिवांनी झालं असेल.

मग 'हनी जार'. नवरा गोड बोलावा, सासू नरम यावी म्हणून चिठ्ठीवर त्यांचं नाव लिहून मधाच्या बरणीत बुडवायचं आणि वर मेणबत्ती जाळायची. आता मध म्हणजे आपल्याकडे मद्य-मांसाच्या ओळीत बसवलेली तिसरी वस्तू. अष्टमूलगुणांतच त्याचा त्याग सांगितला आहे. मग आमच्या एका हुशार मैत्रिणीने तोड काढली: मधाऐवजी गुळाचा पाक. नियम पाळला आणि चेटूकही केलं. चार दिवसांत ओट्यावर मुंग्यांची रांग, पाकात शेकडो मेलेल्या. नवरा गोड बोलू लागला की नाही ते विचारलं नाही. मुंग्या मात्र मोजता येत नव्हत्या.

तेजपानावर इच्छा लिहून जाळणं, महिन्याच्या १ तारखेला दाराबाहेर उभं राहून तळहातावरची दालचिनीची पूड घरात फुंकणं, '३६९' म्हणून एकच वाक्य सकाळी ३, दुपारी ६ आणि रात्री ९ वेळा वहीत लिहिणं (हे निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाच्या नावावर खपवतात, आमच्या शाळेत याला शिक्षा म्हणत). पावसाळ्यात, ऐन चातुर्मासात, रात्री गच्चीवर मेणबत्त्या लावून बसायचं. पाखरं किती जळतात ते सकाळी झाडू मारणाऱ्या बाईला विचारा.

आणि एक प्रकार आहे तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या व्यक्तीचा त्रास आहे तिचं नाव कागदावर लिहायचं, पाण्यात घालायचं आणि फ्रीजरमध्ये गोठवून टाकायचं, म्हणजे तिची जीभ गोठते. एका घरात जाऊबाईंचं नाव वर्षभर मटारच्या पिशवीखाली होतं. आता यात आणि आपण लहानपणी ऐकलेल्या 'मूठ मारण्या'त फरक काय? फ्रीजचा. एरवी लिंबाला टाचण्या टोचणारा गावचा मांत्रिक आणि हे एकच. 'यात कोणाचं काही वाईट होत नाही' असं सांगतात. जाऊबाईंचं नाही होत, कबूल. पण तंदुल मत्स्याची गोष्ट आपण सगळ्यांनी पाठशाळेत ऐकली आहे. महामत्स्याच्या कानात राहणारा तांदळाएवढा मासा. महामत्स्याच्या उघड्या तोंडातून बारके मासे आत-बाहेर करताना बघून तो नुसता मनात म्हणतो, मी एवढा मोठा असतो तर एकालाही सोडलं नसतं. खाल्लं काहीच नाही. गेला सातव्या नरकात. आपला धर्म हिंसा भावात मोजतो, परिणाम झाला की नाही ते नंतर बघतो. वर्षभर रोज फ्रीज उघडताना जाऊबाईंची आठवण काढून मनात जे होत होतं त्याचा हिशोब कोणाच्या खात्यावर?

हे सगळं फार प्राचीन आहे, आजीबाईंच्या बटव्यातलं गुपित आहे, असं कार्यशाळेत सांगतात म्हणे. तर थोडी कुंडली मांडते. 'विक्का' नावाचा जो आधुनिक चेटूकपंथ आहे, तो इंग्लंडमध्ये जेराल्ड गार्डनर नावाच्या गृहस्थाने पुढे आणला. हे मलायातले निवृत्त कस्टम अधिकारी होते. इंग्लंडमधला १७३५ सालचा चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली यांचं पुस्तक आलं. म्हणजे ही प्राचीन विद्या माझ्या मोठ्या बहिणीच्या वयाची आहे. मनात धरलं की विश्व देतं, हा जो दुसरा धागा यात विणला आहे, तो २००६ सालच्या 'द सीक्रेट' या पुस्तकातून घराघरात गेला आणि त्या लेखिका रॉन्डा बर्न यांनीच सांगितलं आहे की त्यांना हे १९१० सालच्या, श्रीमंत कसं व्हावं हे शिकवणाऱ्या एका अमेरिकी पुस्तकातून सापडलं. आपल्याकडे कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी स्वतःला उघडपणे 'विच' म्हणवून घेतलं, तसं आत्मचरित्रही लिहिलं.

त्या बायकांचं एक म्हणणं मला पटतं, ते लपवत नाही. युरोपात काही शतकं चेटकीण ठरवून माणसं मारली गेली. इतिहासकार ४०,००० ते ६०,००० म्हणतात, आणि त्यात बहुतेक बायका. विधवा, म्हाताऱ्या, शेजाऱ्यांशी न पटणाऱ्या. त्यांच्या नाती-पणतींनी तीनशे वर्षांनी तो शब्द उचलून छातीवर लावला, तर त्यात एक ताठा आहे. तिथे आता कोणी त्या शब्दावरून जाळत नाही.

पण इथे? यवतमाळात बसून हा शब्द गंमत म्हणून लावायचा?

आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात (आपली वणी नव्हे), ऑगस्ट २०२१ मध्ये सात जणांना भरचौकात खांबांना बांधून मारलं. भानामती करतात असा संशय. त्यात म्हाताऱ्या बायका होत्या. गाव बघत होतं. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यात बारसेवाडा इथे मे २०२४ मध्ये एक बाई आणि एक पुरुष जादूटोण्याच्या संशयावरून जिवंत जाळले गेले. तिकडे सातपुड्यात, नंदुरबारकडे 'डाकीण' ठरवलेल्या बाईला गाव सोडावं लागतं, आणि ती गेली की तिच्या जमिनीचं काय होतं ते शहाण्याला सांगायला नको. आणि आपल्याच जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात २०१२ साली एका सात वर्षांच्या लेकराचा बळी दिला गेला, ते तुम्हाला आठवत असेल. त्या दिवसांत आपण सगळ्या पोरींना अंगणातसुद्धा एकटं सोडत नव्हतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अनेक वर्षं ज्या कायद्यासाठी जिवाचं रान केलं, तो त्यांच्या खुनानंतर, २०१३ साली, आधी अध्यादेश म्हणून आणि मग डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात पास झाला. एखाद्याला 'हा करणी करतो, ही भानामती करते' म्हणून बदनाम करणं, त्याचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, पैसे उकळणं हेही त्यात आहे. पौर्णिमेच्या कार्यशाळा त्यात बसतात का, हे वकिलांनी ठरवावं. गंमत म्हणून एक सांगते: मंत्र-तावीज-कवच यांनी रोग बरा होतो अशी जाहिरात करायला बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९५४ सालचा आहे. गार्डनरसाहेबांचं पुस्तकही त्याच सालचं. खड्याने थायरॉइड जातो असं कोणी सांगितलं तर हे साल लक्षात ठेवा.

तर ज्या शब्दाने जिवतीतली म्हातारी खांबाला बांधली जाते, तो शब्द आपण दीड हजार रुपयांत मेणबत्तीसह घेतो आणि स्टेटसला ठेवतो. आपल्याला कोणी बांधणार नाही. आपल्या घराला फाटक आहे, नवऱ्याचं दुकान आहे, आडनाव आहे. म्हणून तर परवडतं. मला हे शोभत नाही असं वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही बघा.

आता आपल्या शास्त्राकडे येते.

निदान हा शब्द आपण डॉक्टरांच्या अर्थाने वापरतो. जैन परिभाषेत निदान म्हणजे आपल्या पुण्याच्या, तपाच्या बदल्यात संसारातलं काहीतरी मागून ठेवणं. माया, मिथ्यात्व आणि निदान ही तीन शल्यं. शल्य म्हणजे आत रुतलेला काटा. हे काटे असतील तोवर बाहेरून कितीही व्रतं करा, व्रती म्हणता येत नाही. आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यातलाही एक निदान. आता ३६९च्या वहीत काय असतं? 'मला अमुक मिळालं आहे, मी कृतज्ञ आहे', दिवसातून अठरा वेळा. हे निदानच, फक्त शाईत. आणि सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतलं दुसरंच अंग निःकांक्षित आहे, म्हणजे धर्माच्या बदल्यात भोगाची आकांक्षा न धरणं. धर्माकडून न मागणं आणि चंद्राकडून मागणं, असं दोन दरवाज्यांचं घर बांधता येत नाही.

चौथं अंग अमूढदृष्टी. त्याची गोष्ट एका बाईची आहे. मथुरेची रेवती राणी. एका क्षुल्लकाजवळ विद्या होती, त्याला तिची परीक्षा घ्यायची होती. त्याने नगराच्या एका वेशीवर एका देवाचं रूप मांडलं, सगळं गाव दर्शनाला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वेशीवर दुसरं, तिसऱ्या दिवशी तिसरं. राजा गेला, प्रजा गेली, रेवती गेली नाही. मग त्याने चौथ्या वेशीवर थेट समवसरण उभं केलं आणि आत तीर्थंकर म्हणून बसला. आता तरी येईल! लोक म्हणाले, अहो राणीसाहेब, आता तर तुमचेच देव आलेत. ती म्हणाली, तीर्थंकर चोवीस, ते होऊन गेले. पंचविसावा शास्त्रात नाही. आणि घरी बसली.

मला ही बाई फार आवडते. तिने काही केलं नाही, फक्त मोजलं. सगळं गाव एका दिशेने पळत असताना जिच्या हिशोबात बसत नाही तिथे जी जात नाही, तिला मी सबल म्हणते.

रेवतीने आपल्या मंदिराच्या नावावर आलेला चमत्कारही नाकारला. म्हणून माझं पुढचं बोलणं काहींना झोंबेल, झोंबू द्या. चेटकीण कार्यशाळेला नाकं मुरडणाऱ्या आपण काय करतो? पद्मावती मातेची ओटी भरताना मनात काय असतं: पार्श्वनाथांची भक्ती, की मुलीच्या लग्नाचा नवस? समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात देवमूढतेची व्याख्या करताना नेमकं हेच धरलं आहे: वर मिळावा या आशेने रागद्वेष असलेल्या देवतांची उपासना. कारंज्याला भट्टारकांची गादी होती, आपला भाग शासनदेवता मानणारा, मला ती परंपरा माहीत आहे आणि तेरा-वीसचा वाद मला इथे उकरायचा नाही. मान देणं वेगळं, सौदा करणं वेगळं, एवढंच. तसंच भक्तामराचं. अठ्ठेचाळीस श्लोकांचं आदिनाथांचं स्तवन, त्याची आता औषधांच्या दुकानासारखी यादी केली आहे: हा श्लोक डोकेदुखीला, हा कोर्टकचेरीला, हा धंद्याला. सोबत तांब्याचं यंत्र, कुरिअर खर्च वेगळा. गळ्यात मंत्रित दोरा आणि हातात सात रंगांच्या खड्यांचं ब्रेसलेट यांत मला तरी फक्त रंगाचा फरक दिसतो. पोरींनी हे मागणं इन्स्टाग्रामवर पहिल्यांदा पाहिलेलं नाही. घरीच पाहिलं. त्यांनी फक्त देवता बदलली.

यावर एकीने मला लगेच उत्तर दिलं: 'काकू, मग मैनासुंदरी? तिने सिद्धचक्र केलं, गंधोदक शिंपडलं, श्रीपाळाचं कोड गेलं, सातशे जण बरे झाले. ते चालतं?' प्रश्न चांगला आहे. पण गोष्ट सुरुवातीपासून वाच ना बाई. बापाने भरल्या दरबारात विचारलं, तू कोणाच्या कृपेने खातेस? बहीण म्हणाली, तुमच्या. मैना म्हणाली, माझ्या कर्माच्या. कृपेवर राज्य करणाऱ्या राजाला ते सहन झालं नाही आणि त्याने तिला कोडी माणसाच्या गळ्यात बांधली. ती रडत बसली नाही आणि बापाची माफीही मागितली नाही. सातशे बरे झाले हा गोष्टीचा शेवट झाला. गोष्टीचा कणा ते एक उत्तर आहे. आणि ते उत्तर चंद्राला दिलेलं नाही, बापाला दिलेलं आहे, तोंडावर.

'पण मनाला बरं वाटतं हो.' हे दुसरं उत्तर. ते मला मान्य आहे. रात्रीची शांत वेळ, दहा बायका गोल करून बसलेल्या, कोणी मधे बोलत नाही, कोणाचा चहा टाकायचा नाही, आणि समोरची विचारते, 'तुला काय हवंय?' चाळीस-चाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न ज्यांना कोणी विचारला नाही, त्यांच्या डोळ्यांत पाणी येणारच. एक जण मला म्हणाली, 'मंदिरात सगळे विचारतात उपवास किती झाले. तिथे विचारलं, झोप लागते का.' हे वाक्य आपल्या मंडळाच्या इतिवृत्तात लिहून ठेवण्यासारखं आहे. भजनस्पर्धा झाली, दशलक्षणात कोणत्या दिवशी कोणत्या रंगाची साडी ते ठरलं, क्षमावाणीला सगळ्यांनी सगळ्यांना 'उत्तम क्षमा' पाठवली, आणि शेजारी बसणारीला झोप लागत नाही हे कोणाला ठाऊक नाही. आठ अंगांत स्थितीकरण आणि वात्सल्यही आहेत, म्हणजे डळमळणाऱ्याला धरणं आणि आपल्या माणसावर गाईने वासरावर करावी तशी माया करणं. ते आपण पुस्तकात ठेवले, म्हणून मेणबत्तीवाल्यांना गिऱ्हाईक मिळालं.

सामायिकही ४८ मिनिटांचंच असतं, शांतच असतं. फक्त त्यात मागायचं काही नसतं, म्हणून त्याची फी लावता येत नाही.

आता जी गोष्ट लिहायला मी बसले ती. नाव-गाव बदलून नव्हे, अजिबात न घेता सांगते, आणि त्या बाईला विचारून सांगते.

पन्नाशीची बाई. वडील वारले, मृत्युपत्र नाही. त्यांचं स्वतःच्या कमाईचं घर, गावात दुकानाची जागा, थोडं शेत. दोन भाऊ, ही एक बहीण, आई आहे. हिच्या नवऱ्याचा धंदा बसलेला, मुलाचं शिक्षण अडलेलं. दोन वर्षांपासून ही या खड्या-मेणबत्त्यांच्या नादात. एक दिवस तिने वही दाखवली. ३६९ची. पानंच्या पानं: 'माझ्याकडे भरपूर पैसा येत आहे.' मी म्हटलं, दुसरी वही दे, खर्चाची. ती नव्हती, म्हणून आम्ही दोघींनी फोनवरचे पैसे पाठवल्याचे मेसेज काढून बसून उतरवले. ब्रेसलेट, टॅरो वाचन तीन वेळा, 'पूर्वजांचे धागे तोडण्याचं' सत्र, मीठ-दिव्याचा दगड, दोन कार्यशाळा, एक 'प्रगत' कार्यशाळा. बेरीज २३,४०० रुपये. एकाही खर्चाची पावती नाही. तिला स्वतःला धक्का बसला, कारण हजार-पाचशेने गेलेले पैसे दिसत नाहीत.

मग बोलता बोलता म्हणाली, राखीला गेले तेव्हा दादाने एका कागदावर सही मागितली आहे, आणला आहे घरी, करून टाकते. कोणता कागद? हक्कसोडपत्र. वाचलं? नाही. 'काहून वाचू? दादाच आहे. आणि आपल्यात त्यागच शिकवतात ना काकू?'

रोज अठरा वेळा पैसा येत आहे असं लिहिणारी बाई, जो पैसा कायद्याने आलेला आहे तो न वाचता सोडायला निघाली होती. आणि तिला कार्यशाळेत कोणीही, प्रगत कार्यशाळेतसुद्धा, हे सांगितलं नव्हतं की १९५६चा हिंदू वारसा कायदा जैनांना लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत आई, मुलगे आणि मुली यांचा सारखा हिस्सा असतो. वडिलोपार्जित मिळकतीत २००५च्या दुरुस्तीपासून मुलगी मुलाइतकीच जन्माने हिस्सेदार आहे, आणि वडील त्याआधी वारले असले तरी तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. घर-जमिनीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. जवळच्या नात्यात त्याला खर्च अगदी थोडा येतो, म्हणून ते राखी आणि दिवाळीच्या मधे इतक्या सहज उरकतं. नोंदलं की मागे फिरणं महाकठीण.

त्यागाबद्दल एकच. अपरिग्रह म्हणजे जे आपलं आहे ते जाणून, मोजून, आपल्या इच्छेने सोडणं. भगवंतांनी राज्य सोडलं तेव्हा राज्य त्यांचं होतं. जे आपलं आहे हेच ठाऊक नाही ते सोडणं हा त्याग होत नाही. आणि भावाने घरच्या टेबलावर पेन पुढे केल्यावर संकोचाने केलेली सही तर नाहीच. परिग्रहपरिमाणाचं व्रत घेणारीलासुद्धा आधी आपल्याकडे किती आहे ते लिहावं लागतं. हिस्सा घेऊन दान कर, आईच्या नावावर कर, भावाला बक्षीस दे, तुझी मर्जी; पण आधी सातबारा बघ. हक्काचं मागणं निदान नव्हे. त्यात कोणतं पुण्य गहाण पडत नाही. भावाशी वैर धरायचीही गरज नाही. उलट नाव फ्रीजरमध्ये घालण्यापेक्षा 'दादा, मला बोलायचं आहे' म्हणणं कितीतरी कमी हिंसेचं आहे.

ती म्हणाली, 'दादाला वाईट वाटेल.' वाटेल. मैनासुंदरीच्या बापालाही वाटलं होतं.

कागद पाच पानांचा आहे, मराठीत आहे, टाइप बारीक. आम्ही दोन दुपारी बसून वाचला. तिसऱ्या पानावर मिळकतीचं वर्णन आहे, त्यात तिला माहीत नसलेला एक प्लॉट निघाला. आता सातबारा ऑनलाइन काढला आहे, तिच्या आईला अजून काही सांगितलेलं नाही, वकिलाची वेळ पुढच्या बुधवारची आहे. भावाचा दोनदा फोन येऊन गेला. तिने सांगितलं, वाचते आहे.